शेजारणीच्या घरचा पाव

कब्रस्तानाच्या भिंतीपाशी येईपर्यंत विदाद एक शब्द बोलली नव्हती. विदाद बोलत नाही म्हणजे आभाळ कोसळलंय, हे लल्ला तामूला कुणी सांगायला नको होतं. अर्धीअधिक वाट सरली होती. तामू नव्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतत होती. विद्यापीठाच्या टेकडीखाली बसथांब्यावर तिला शेजारची ही पोर भेटली, तिला 'खालती' म्हणजे मावशी म्हणणारी. बस काही येईना, म्हणून दोघी उतारानं फेसच्या जुन्या शहराकडं पायीच निघाल्या. एरवी या पोरीबरोबर चालायचं म्हणजे कानाला विसावा नसे. आज मात्र ती खाली मान घालून खडे लाथाडत चालली होती.

तामूनं भिंतीशी थांबून पलीकडं निजलेल्यांसाठी फातिहा म्हटली, तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि वळली.

"मेलेल्यांशी बोलून झालं. आता जित्या माणसानं बोलावं."

"खालती, माझा प्रबंध मेला."

"मग थांब, त्याच्याही नावानं म्हणते."

विदादला हसायचं नव्हतं, पण ओठ सुटलेच. आणि एकदा सुटले म्हटल्यावर सगळंच बाहेर आलं.

अर्थशास्त्राचं तिसरं वर्ष. शेवटच्या सत्रात प्रत्येकानं एक छोटा शोधनिबंध लिहायचा. वर्गातल्या बाकीच्यांनी सोयीची वाट धरली होती. कुणी पर्यटकांचे छापील तक्ते घेतले, कुणी ऑलिव्हच्या तेलाची निर्यात घेतली. आकडे आयते, आपण फक्त रेघा ओढायच्या. विदादला ते नको होतं. तिला स्वतःचा प्रश्न हवा होता, आणि तो तिच्याकडं लहानपणापासून होता. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त पाव मिळतो, तरी आपल्या गल्लीतल्या बायका रोज पीठ मळून, गोल पाव थापून, फळीवर मांडून, फडक्यानं झाकून गल्लीच्या सामाईक भट्टीवर भाजायला का पाठवतात? आणि कुणी पाठवायचं सोडलं असेल, तर का सोडलं?

ही पोर पहिल्यापासून अशीच. सात-आठ वर्षांची असताना डोक्यावर फळी घेऊन भट्टीवर जायची. मग तिच्या ध्यानात आलं की एक फळी नेली काय आणि दोन नेल्या काय, चालणं तेवढंच. तिनं आणखी दोन घरांच्या फळ्या न्यायला सुरुवात केली, बदल्यात तिळाच्या वड्या. पुढं तर तिसऱ्या घराची फळी तिनं धाकट्या मैत्रिणीच्या डोक्यावर दिली आणि वडीतला अर्धा तुकडा तिला. आई रहमाला हे कळलं तेव्हा तिनं पायातला बाबूश काढला होता. बाप मात्र पितळी तबकावरची हातोडी थांबवून हसला होता. "मारू नकोस, ही पुढं बँक काढेल."

बँक नाही, पण अर्थशास्त्राला गेली. तिच्या प्राध्यापिका, उस्तादा बन्नानी, यांच्याकडं प्रश्न घेऊन गेली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "प्रश्न छान आहे. आता उत्तर कुठून आणणार ते सांग." विदादनं सगळा आराखडा मांडला. तिचा अंदाज असा, की जी बाई बाहेर कमावते तिचा वेळ महाग असतो. ती पीठ मळत बसणार नाही, पाव विकत आणेल. घरी असणारी मळेल. हा अंदाज खरा की खोटा, ते दारोदार विचारून पाहायचं. प्रश्नांचा कागद तयार केला, चार वेळा फाडला, पाचव्यांदा छापून आणला आणि गल्लीच्या पहिल्या दारापासून सुरुवात केली.

"मग?" तामूनं विचारलं. तिच्या दारीही ती आली होती. तामू एकटी असली तरी एक दिवसाआड मळते, तिनं तसं सांगितलं होतं.

"मग काय? घरी मळता की विकत आणता, असं विचारलं. सगळ्या म्हणाल्या, घरी."

"सगळ्या?"

"पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत! उस्तादांनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, 'विदाद, काही मळतात नि काही आणतात तेव्हा ‘का?’ असं विचारता येतं. इथं फरकच नाही, मग समजावून सांगायचं काय? एक तर तुझी गल्ली स्वर्गात वसलीय, नाही तर तुझा प्रश्न चुकलाय.' पुढच्या गुरुवारपर्यंत काही धड आणलं नाही तर पर्यटकांचे तक्ते घ्यायचे. पर्यटकांचे, खालती! मला पर्यटकांचं काय करायचंय?"

तामूनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती मशिदीत बायकांना लिहायवाचायला शिकवायची. कमी बोलणारी म्हणून तिला मान होता. पण चालून चालून माणसाचं तोंड सैल होतं.

"म्बारकानंही घरचाच सांगितला?"

"त्या तर शपथ घ्यायला निघाल्या होत्या."

"या अल्ला! अगं, ईदपासून तिची फळी उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. संध्याकाळी पिशवीतून पाव येतो, ही तो फडक्यात गुंडाळून परडीत ठेवते आणि पाहुण्यांपुढं म्हणते, जरा आज कडक झाला..."

एवढं बोलली आणि तामूनं जीभ चावली. कब्रस्तानाची भिंत अजून संपली नव्हती. "अस्तग़्फिरुल्ला, अल्ला माफ करो. बघ, कुठं चालताना काय बोलतेय मी. माणसाची जातच मेली अशी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून."

विदाद जागच्या जागी थांबली. मागून खेचरवाला ओरडला, "बालाक! बालाक!" आणि तामूनं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं नसतं तर कातड्यांचा गठ्ठा तिच्या अंगावरून गेला असता.

"काय म्हणालात?"

"काही नाही. तौबा करतेय."

"नाही नाही, आधीचं! आपलं झाकून, दुसऱ्याचं वाकून! खालती, मी वेडी आहे. मी बायकांना त्यांचं स्वतःचं विचारत होते!"

"मग कुणाचं विचारायचं?"

"शेजारणीचं!"

विदादनं तामूची पिशवी हिसकून घेतली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि चालू लागली. चालू कसली, पळूच लागली. बाब फ्तूहच्या वेशीत नारंगीच्या फुलांचे ढीग मांडून बायका बसल्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत ती मागं वळून बोलत होती. कोण का खोटं बोललं ते तिला आत्ता लख्ख दिसत होतं. विकतचा पाव खाणारं घर म्हणजे हात नसलेलं घर, असं ऐकतच आपण सगळ्या वाढलो. त्यात विचारणारी कोण, तर रहमाची पोर. दुपारी तिच्या कागदावर विकतचा असं लिहिलं गेलं, तर तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजाआधी ते रहमाच्या ओट्यावर पोचणार. कोण बाई खरं सांगेल?

"आणि तुमच्या घरचं काय लिहिलंस?" तामूनं मागून विचारलं.

विदादचा वेग कमी झाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"घरचा."

"मळते का रहमा?"

"यम्मा शेजारी बसली होती ना, खालती! माझ्या हाताकडं बघत होती."

तामूला इतकं हसू आलं की ती वेशीच्या दगडावर टेकली. जी पोर तीन वर्षं विकतचा पाव खातेय तिनं स्वतःच स्वतःच्या प्रबंधात खोटं लिहिलं होतं, आणि वर गल्लीला दोष देत होती.

तामूशेजारी दगडावर बसून विदादनं नवा आराखडा सांगितला. शेजारीण वाढवून सांगणार, एखादी जुना राग काढणार, हे तिलाही कळत होतं. म्हणून प्रत्येक घराबद्दल दोघींना विचारायचं, उजवीकडच्या शेजारणीला आणि डावीकडच्या. दोघींचं जुळलं तर धरायचं, नाही जुळलं तर ते घर सोडून द्यायचं. नाव कुठंच लिहायचं नाही, दाराला एक अक्षर द्यायचं. आणि फक्त हो की नाही एवढंच नाही, कधीपासून तेही विचारायचं. बोलताना तिचे हात असे हलत होते की फुलंवाली म्हणाली, "हिला एक तगारी फुलं द्या, डोकं थंड होईल."

तामूचं हसू मात्र ओसरलं होतं.

"विदाद, हे बायकांना चुगली करायला लावणं आहे."

"नावं नाहीत ना पण!"

"कागदावर नाव नाही म्हणून तोंडातून निघालेलं परत आत जातं होय? पाठीमागं दुसऱ्याचं उणं बोलणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं सांगितलंय आपल्याला. मी स्वतः आत्ता खाल्लं. तुला हसू आलं, मला पचणार नाही."

विदादला ते लागलं. पण गुरुवार जवळ येत होता, आणि पर्यटकांचे तक्ते तिला डोळ्यांपुढं दिसत होते.

"मी अडवत नाही," तामू उठत म्हणाली. "पण मला बरोबर बोलावू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत जत्रा भरली. जिथं आधी पोरीला दारातच दोन शब्दांत वाटेला लावलं होतं, तिथं आता आत बोलावून पुदिन्याचा चहा पाजू लागल्या. विदाद प्रश्न विचारायची, आणि बाई उशी मागं सरकवून ऐसपैस बसायची.

"मी बाई घरचाच," म्बारका म्हणाली. "पण उजवीकडची? कधीच सोडलं तिनं! तिच्या हाताला कणीक लागलेली मी शेवटची कधी पाहिली ते आठवून सांगते, थांब."

उजवीकडची म्हणाली, "म्बारका? हा हा हा. लिही, लिही. मोठ्या अक्षरात लिही."

रोज संध्याकाळी विदाद तामूच्या दारावर टकटक करून जायची. आत यायची नाही, कारण तामूनं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. नुसती उंबऱ्यातून ओरडायची, "खालती, फरक आहे! तक्त्यात फरक आला!" आणि पळायची. तामू आतून म्हणायची, "हम्दुलिल्ला, दार लाव." पण तिलाही आतून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

मध्येच विदादला वाटलं, भट्टीवाल्या बा अल्लालला विचारलं तर दोन्ही शेजारणींचा पडताळा होईल. कुणाची फळी येते, कुणाची बंद झाली, त्याला फडक्यावरून कळतं. ती भट्टीवर गेली. बा अल्लालनं लांब दांड्याचं फावडं आत सारलं, चार पाव बाहेर ओढले आणि मग तिच्याकडं बघितलं.

"फडक्याखाली काय आहे ते त्या त्या घरचं. भट्टीचं तोंड उघडं असतं पोरी, माझं नाही."

"प्रबंधासाठी आहे, बा अल्लाल."

"बादशहासाठी असलं तरी. बाजूला सर, राख उडेल."

ते ठीकच होतं. पण मंगळवारी गच्चीवर जे झालं ते ठीक नव्हतं. म्बारका कपडे वाळत घालत होती, उजवीकडची तिच्या गच्चीवर मिरच्या पसरत होती, आणि एकीच्या तोंडून निघालं ते दुसरीनं पकडलं.

"माझ्या पावाचं तू त्या पोरीला काय सांगितलंस?"

"जे आहे ते!"

"आणि तुझ्या घरात काय आहे ते मी सांगू खाली गल्लीत? सगळ्यांसमोर?"

"सांग ना! तू सांगितलंयसच की!"

चिमटे उडाले. ओल्या चादरीचं टोक फटकन कुणाच्या तरी तोंडावर बसलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांची गच्चीवरची दारं आतून बंद झाली. वीस वर्षं ज्या दोघी एकमेकींच्या बाळंतपणाला धावल्या, त्या बोलेनाशा झाल्या. विदाद दोघींकडं जाऊन माफी मागून आली. दोघींनीही तिला जवळ घेतलं, तिळाचे लाडू दिले आणि दोघींनीही सांगितलं, "तुझी चूक नाही गं, ती तशीच आहे."

त्या दिवशी ती तामूच्या उंबऱ्यात ओरडली नाही. आत आली, बसली आणि म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात."

तामूनं कडधान्याच्या घट्ट सुपाची, बिसाराची वाटी पुढं केली, वर ऑलिव्हचं तेल सोडलं. "खा आधी."

"आणि दुसरं म्हणजे," विदाद घास गिळत म्हणाली, "सगळं फुकट गेलंय."

कागद तिच्याकडं होतेच. तिनं ते चटईवर पसरले. आता तामूला बघणं भाग होतं. नावं कुठंच नव्हती, नुसती अक्षरं. एका बाजूला कमावत्या बायकांची घरं, दुसऱ्या बाजूला घरी असणाऱ्यांची. विदादचा अंदाज होता की कमावत्या बायका पाव विकत आणत असणार. पण तसं काहीच नव्हतं. शिवणकाम करणारी मळत होती, शाळेत साफसफाईला जाणारी मळत होती, आणि दिवसभर घरात बसणारी विकतचा आणत होती. इकडचं तिकडचं सारखंच.

"म्हणजे कामाचा आणि पावाचा काही संबंधच नाही. परवा गुरुवार. एक तक्ता घेऊन गेले तर फरकच नव्हता, आता फरक आहे तर अर्थच नाही."

"तुझा अंदाज चुकला म्हणून अर्थ नाही?"

"मग काय?"

तामूला यातलं काही कळत नव्हतं. ती उठून चहा ठेवायला गेली. केटलीत पुदिना कोंबत असताना मागून कागदांची सळसळ ऐकू येत होती. मग सळसळ थांबली. मग विदाद हळू आवाजात वाचू लागली, स्वतःशीच.

"कधीपासून... लेक लग्न होऊन गेल्यापासून. कधीपासून... मुलाची शाळा दोन्ही वेळची झाली तेव्हापासून. धाकटा बापाबरोबर दुकानात बसायला लागल्यापासून. कधीपासून..."

कागद भराभर उलटले गेले.

"कधीपासून... पोरगी कॉलेजात गेल्यापासून." आवाज एकदम चिरका झाला. "खालती! हे आमचं घर आहे! दोन्ही बाजूंनी हेच सांगितलंय!"

तामू केटली हातात घेऊनच वळली. विदाद गुडघ्यांवर उभी होती, दोन्ही हातांत कागद, केस सुटलेले.

"मळायला वेळ लागतो म्हणून नाही! मळणं तर बाई कशीही उरकते, पहाटे उरकते, रात्री उरकते! पण फळी न्यायला माणूस लागतं! पीठ फुगल्यावर नेऊन टाकायची, भाजल्यावर परत आणायची, दोन खेपा! मोठी बाई स्वतः डोक्यावर फळी घेऊन भट्टीवर जाते का कधी? नाही जात! पोर जातं! ज्या घरात फळी न्यायला पोर आहे तिथं पाव मळला जातो, पोर मोठं झालं, शाळेत अडकलं, सासरी गेलं की पाव बंद! वेळ महाग आहे हे खरंच आहे खालती, फक्त मी भलत्याच माणसाचा वेळ मोजत होते!"

ती तशीच उठली, कागद पोटाशी धरले आणि अनवाणी गल्लीत पळाली. तामू बाबूश घालून तिच्या मागं. रहमाचं दार उघडंच होतं. ती खाली बसून मसूर निवडत होती.

"यम्मा, तू पाव मळायचा का सोडलास?"

रहमानं आधी तामूकडं बघितलं, मग उघड्या दाराकडं. "कुणी सांगितलं सोडला म्हणून?"

"यम्मा!"

"हळू बोल."

"मी कॉलेजात जायला लागले म्हणून ना? फळी न्यायला कुणी उरलं नाही म्हणून?"

रहमानं मसुरातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग काय तुला पुस्तक ठेवायला लावू नि फळी उचलायला सांगू? एवढं साधं तुला तीन वर्षांत कळलं नाही, आणि तिथं काय शिकवतात तुला?"

विदाद आईच्या गळ्यातच पडली. मसूर उलटला. रहमा ओरडली, रागावली, मग तिनंही तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तामूकडं बघत म्हणाली, "लल्ला तामू, हिला काही झालंय का?"

"प्रबंध झालाय," तामू म्हणाली.

गुरुवारी तामूचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. फळ्यावर एकच अक्षर तिनं दोनदा लिहिलं आणि बायका हसल्या. दुपारची नमाज झाल्यावर तिनं विदादसाठी दोन शब्द जास्त मागितले. घरी येऊन बसली, आणि गल्लीच्या टोकापासून धावत येणारी पावलं तिला ओळखू आली.

"विषय टिकला!" विदाद दारातूनच म्हणाली. "माझाच विषय राहिला, खालती!"

ती पाणी प्यायली, पण बसली नाही. उस्तादा बन्नानींनी सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं, तुझा पहिला अंदाज कुठं गेला? विदाद म्हणाली, पडला. त्या म्हणाल्या, "मग तसंच लिही. मला असं वाटलं होतं, ते खरं निघालं नाही, आणि मग हे दिसलं. लपवू नकोस. पहिल्या तक्त्यात सगळ्या बायका घरचा म्हणाल्या, तेही लिही. स्वतःच्या घरचं तू खोटं लिहिलंस, तेसुद्धा." विदादनं ते सांगताना तोंड झाकलं. "आणि त्या हसल्या, खालती. उस्तादा बन्नानी हसल्या! वर्गात कुणी हे बघितलेलं नाही. म्हणाल्या, हा पेपर मला वाचायचाय."

"हम्दुलिल्ला. मग अशी उभी का? बस की."

"कारण अट आहे."

आता ती बसली, तामूच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून.

"एका गल्लीवरून काही सिद्ध होत नाही. इथं मला सगळे ओळखतात. दुसरीकडं, जिथं मी कुणाची कोण ते माहीत नाही, तिथं फळी नेणाऱ्या पोराची गोष्ट खरी ठरली तरच निबंध उभा राहतो. तुमच्या बहिणीची गल्ली आहे सफ्रू गावात. तिथं भट्टी आहे, तुम्हीच सांगायचात."

"आहे. उद्या जाऊ, इन्शाल्ला. त्यात अट कसली?"

"ती अट नाही." विदादचा आवाज खाली आला, पण डोळे तसेच चमकत होते. "मी त्यांना म्बारका खालतींचं भांडणही सांगितलं. तर त्या म्हणाल्या, 'लोकांच्या दारात जाऊन तू माहिती घेऊन येतेस आणि मागं वैर ठेवून येतेस, तर पुढं दुसऱ्या गल्लीत जायला मी परवानगी देणार नाही. खरं उत्तर मिळेल आणि शेजारीण शेजारणीला अंतरणार नाही, असा प्रश्न घेऊन ये. मग जा.' मी येताना सगळी वाट विचार केला. मला येत नाही तो प्रश्न. मला कुणाचं काय झाकलंय ते उचकटायचंच सुचतं."

बाहेरून कुणाच्या तरी डोक्यावरची फळी भिंतीला घासत गेल्याचा आवाज आला, आणि मागं ताज्या पावाचा वास राहिला.

विदादनं पिशवीतून कोरा कागद काढला, तामूच्या मांडीवर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"खालती, प्रश्न तुम्ही लिहा. उत्तर देऊन झाल्यावर त्या बाईला अस्तग़्फिरुल्ला म्हणावं लागणार नाही, असा."